लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही

टिक् असा आवाज झाला तेव्हा ती दात घासत होती. लहानसा, कोरडा, धातूचा आवाज. घरात असे आवाज दिवसभर होत असतात, गॅसचा खटका, पेनाचं टोपण, कपाटाची कडी. त्यासाठी कुणी मान वळवत नाही. पण हा कानात शिरला तो सरळ पाठीच्या कण्यातून खाली उतरला, आणि तोंडात फेस तसाच धरून ती झोपायच्या खोलीच्या दारात आली. पिटुकली, तिची दोन वर्षांची लेक, कपाटाच्या खालच्या कप्प्यापुढे फतकल मारून बसली होती. मांडीवर आजीचा राखाडी कोट, त्याची एक बाही फरशीवर लांब पसरलेली, कोटच दमून येऊन तिच्या मांडीवर आडवा झाल्यासारखा. आणि मुठीत मोजणीचं यंत्र. तळहातात मावणारं, गोल, कडेला घासून पितळ दिसायला लागलेलं; वर एक खटका, तो दाबला की खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. पिटुकलीच्या एका अंगठ्याला खटका जड जात होता म्हणून तिने दोन्ही लावले होते. "वाजलं," तिने वर बघून कळवलं. खिडकीत दोन होता. परत जाऊन चूळ भरेपर्यंत तिला त्यात काही वाटलं नाही. बेसिनवर वाकलेली असतानाच लक्षात आलं, की आवाज एकदाच झाला होता. म्हणजे पिटुकलीने दाबायच्या आधी तिथे एक होता. आणि आई ते यंत्र शून्य केल्याशिवाय कधी, म्हणजे कधीच, खिशात टाकत नसे.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आईने बत्तीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजल्या. डोळा सूक्ष्मदर्शकाला, उजवा हात फोकसच्या चकतीवर, डावा हात ह्या यंत्रावर. शाळा सुटल्यावर ती तिथल्या उंच स्टुलावर पाय हलवत बसायची, आणि टिक्, टिक्, टिक् ऐकत गृहपाठ करायची. एक नमुना संपला की आई आकडा लिहायची आणि बाजूची किल्ली फिरवून सगळे आकडे शून्यावर आणायची, भांडं धुवून पालथं घालावं तसं. "जुना आकडा राहिला ना, तर तो पुढच्या माणसाच्या रक्तात जातो," असं म्हणायची. लहानपणी तिला ते खरंच वाटलं होतं. रात्री अंथरुणात ती आपल्या मनगटावर बोट ठेवून कुणाचा तरी उरलेला आकडा आत फिरतोय का ते बघायची. आज इतक्या वर्षांनी, ओल्या हाताने ते यंत्र लेकीच्या मुठीतून सोडवून घेताना, तिला पुन्हा तसंच वाटलं. एक उरला होता. कुणाचा तरी. आता तो एकही राहिला नव्हता. शून्य करून एकदा दाबलं की पुन्हा एक येईल, पण तो तिचा एक असेल, आईचा नाही. यंत्र मागे फिरत नाही.

आठवड्यापूर्वी तलावावरची मोजणी भरवणाऱ्या लायब्ररीवाल्या काकांचा फोन येऊन गेला होता. रविवारी पक्ष्यांची मोजणी आहे, चार नंबरचा काठ रिकामा आहे, येतेस का. ती नुसती "बघते" म्हणाली होती. बघते म्हणजे नाही, हे काकांना कळलं होतं आणि आपल्याला ते कळलंय हे त्यांनी तिला कळू दिलं नव्हतं. आज तिने स्वतः फोन केला आणि येते म्हणाली. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, की आजीचं ते यंत्र आता परत देशील का पोरीला, कारण ती त्याच्यासाठी रडतेय. आणि दिलं तर रविवारी तू येईपर्यंत ती मला चारशे वेळा मोजेल, पण रडण्यापेक्षा ते परवडलं. तिने यंत्र दिलं नाही. आपल्याच कोटाच्या खिशात टाकलं, दोनवर असलेलं, तसंच.

मोजणीची पद्धत साधी. शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाचे सात भाग केलेत, हिवाळ्यातल्या एका ठरलेल्या रविवारी सकाळी सातही भाग एकाच वेळी मोजायचे, म्हणजे इथून उडालेलं बदक तिथे दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. प्रत्येक भागाला दोन माणसं. एक मोजणारा, एक लिहिणारा. आई निवृत्त झाली त्या वर्षापासून चार नंबर तिचा: जुन्या पंपघरापासून मोडक्या धक्क्यापर्यंतचा काठ, मधे पाणकणसांचं, पाण्यातल्या उंच गवताचं, दाट बेट. नियम तिने स्वतः घातला होता आणि काकांनी तो सगळ्या सात भागांना लावला. मोजणाऱ्यानं दुर्बीण खाली घ्यायची नाही. लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही. कारण लिहिणाऱ्याने एकदा बघितलं की त्यालाही काहीतरी दिसतं, मग वाद होतात, आणि तेवढ्यात पक्षी उडून जातात. काका म्हणायचे, "पक्षी काय सरकारी नोकर आहेत? सही होईपर्यंत थांबत नाहीत ते."

दुकानात त्या दिवशी तिचं लक्ष नव्हतं. चष्म्याचं दुकान, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, समोरच्या भिंतीवर उजेड असलेला तक्ता, वरचं अक्षर हाताएवढं आणि खाली खाली मुंग्या. तिचं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकावर जड गोल फ्रेम ठेवायची आणि त्यात एकेक काच सरकवत विचारायचं: आता बरं, की मघाचं बरं? दिवसातून दोनशे वेळा ती हे विचारते. झोपेतही विचारते, असं नवरा म्हणतो. काच खाचेत बसताना टिक् होतं. इतकी वर्षं तिला ते ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशी प्रत्येक काचेला तिने खिशावर हात नेला. माणूस वाचतोय की अंदाज करतोय हे तिला आवाजावरून कळतं. अंदाज करणाऱ्याचा आवाज जरा चढतो, शेवटचं अक्षर तो ठासून म्हणतो. आईने ठासून म्हटलं होतं. चार हिवाळ्यांपूर्वी, दुकान बंद झाल्यावर, ह्याच खुर्चीत. सगळ्यात खालची ओळ आईने धडाधड म्हणून दाखवली, कारण लेकीची वाट बघत बाहेरच्या बाकावर बसून बसून तिला ती पाठ झाली होती. तिने तक्ता बदलला. मग आई म्हणाली, "हा तक्ता वाईट छापलाय."

मग तिने आईच्या हातात चौकटींचा कागद दिला, मधे ठिपका असलेला. ठिपक्याकडे बघ आणि रेघा कशा दिसतात सांग. आईने कागद जवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, रेघा ठीक आहेत पण मधे कुणीतरी बोट ठेवलंय. दोन्ही डोळ्यांत तेच. डॉक्टर झाले, सुया झाल्या, डाग होता तिथेच राहिला, थोडा थोडा पसरला. जे ती सगळ्यांना सांगते तेच तिने आईलाही सांगितलं होतं, शिकवल्यासारख्या सुरात: डाग मधे आहे, कडा शाबूत आहेत; जे बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ, म्हणजे ते दिसेल. आईने ऐकून घेतलं. "म्हणजे चोरासारखं बघायचं," म्हणाली. आणि कोट घालताना, पाठमोरी असतानाच: "काकांना बोलू नकोस. चार नंबर काढून घेतील माझा. तू चल लिहायला."

ती गेली. पहिल्या वर्षी थंडी इतकी की पेन्सिल बोटात धरवत नव्हती. धुकं वर गेलं आणि पाणी उघडं पडलं तसा आईचा आवाज सुरू झाला, प्रयोगशाळेतला, सपाट: थापटे बदकं, चमच्यासारख्या चोचीची, अठ्ठावीस. चक्रवाक सहा. पाणकावळे अकरा. तिने वर बघायचं नव्हतं. तिने वर बघितलं. तिच्या गळ्यात छोटी दुर्बीण होती, नंतर जाताना बघायला म्हणून आणलेली, आणि ती डोळ्याला लावायची गरजही पडली नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं की थापटे पन्नासच्या आसपास आहेत, काठाला बदकांची एक अख्खी रांग झोपलेली आहे आणि आई तिच्यावरून सरळ पुढे गेली आहे. आई ताठ उभी होती, कोपर अंगाला टेकवलेले, नाकाचा शेंडा लाल. अंगठा चालू होता. टिक्, टिक्. जे दिसत होतं ते ती इतक्या मन लावून मोजत होती की बघवत नव्हतं. तिने कागदावर अठ्ठावीस लिहिलं नाही. हळूच दुर्बीण उचलली, मोजलं, एकावन्न लिहिलं. चक्रवाक नऊ. पाणकावळे तेवीस. दुकानात ती हेच तर करते, असं तिला त्या वेळी वाटलं होतं. माणसाला दिसत नाही, आपण काच घालतो.

फक्त एक गोष्ट उलटी होती. बाकी सगळीकडे आईला कमी दिसायचं, आणि त्या एका जागी जास्त. काठ मोजून झाला की आई दुर्बीण पाणकणसांच्या बेटाकडे न्यायची, तिथे बराच वेळ थांबायची, मग आवाज जरासा उतरायचा. "आणि आपला उभा. एक." उभा म्हणजे बगळ्याच्या नात्यातला एक पक्षी, वाळक्या गवताच्या रंगाचा, अंगभर गवताच्याच रेघा. चाहूल लागली की तो पळत नाही. चोच आभाळाकडे करून काडीसारखा उभा राहतो, वारा आला तर गवताबरोबर डोलतो. कित्येक पक्षीवाले आयुष्य घालवतात आणि त्यांना तो दिसत नाही. तिने दुर्बिणीतून ते बेट वीत वीत तपासलं. कणसं होती. आईच्या आवाजात चढ नव्हता, शेवटचं अक्षर ठासलेलं नव्हतं. पण ते तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. तिला वाटलं, हा डागच आहे. असा डाग काहींना नसलेली माणसं दाखवतो, आईला त्याने आता नसलेला पक्षी दाखवायला सुरुवात केलीय. तिने पेन्सिल कागदावर टेकवून धरली आणि काही लिहिलं नाही. आई दुर्बीण खाली न घेता थांबली. दोन श्वास, तीन. "लिहिलंस?" "लिहिलं." दुसऱ्या वर्षी तसंच. एक. थांबणं. लिहिलंस? लिहिलं.

तिसऱ्या हिवाळ्यात पिटुकली महिन्याची होती आणि घरात दिवसरात्र एकच झाली होती. आईबरोबर लिहायला काका गेले. काकांनी ऐकलं ते लिहिलं, वर न बघता, नियमाप्रमाणे. चार नंबरचा आकडा एकदम निम्म्याच्या खाली आला. सगळे हळहळले, काठावर गाळ साठलाय म्हणाले, काहींनी कुणाला तरी पत्रही लिहायचं ठरवलं. आई दुपारी तशीच, बुटाला चिखल घेऊन, इकडे आली. हात धुतले, पिटुकलीला मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे न बघता तिच्या कानाच्या जरा बाजूला बघत बसली. तसं बघितलं की तिला नातीचा चेहरा दिसायचा. "ह्या वर्षी पक्षी कमी आले," म्हणाली. आणि मग, पिटुकलीची मूठ उलगडून बोटं एकेक करून मोजल्यासारखी करत, "की मागची दोन वर्षं जास्त आले होते?"

तेव्हा बोलता आलं असतं. तिच्या अंगावर तीन दिवसांचा गाऊन होता, छाती दुखत होती, गॅसवर दूध होतं. ती म्हणाली, थंडी उशिरा पडलीय ना, म्हणून असेल. आई "असेल" म्हणाली. दूध उतू गेलं. त्या उन्हाळ्यात आई गेली, एका साध्या मंगळवारी, झोपेत, कुणाला काही विचारायची संधी न देता. आणि तेव्हापासून हे असं होतं: ती गिऱ्हाइकाला काच घालते, आता बरं की मघाचं बरं, आणि खुर्चीतलं माणूस उत्तर द्यायच्या आधी जे दोन श्वास थांबतं, त्या थांबण्यात आई असते. भाजी चिरताना, पिटुकलीच्या पायात मोजे घालताना, मागे कुणीतरी दुर्बीण डोळ्याला लावून, पाठ करून उभं आहे. लिहिलंस? ती वळत नाही. वळलं की कुणी नसतं हे तिला माहीत आहे, आणि न वळता मात्र असतं, हेही.

रविवारी धुकं होतं. काका पंपघरापाशी आधीच उभे होते, कानटोपीतून नुसतं नाक आणि मिश्या, हातात लिहायची फळी, पेन्सिल दोऱ्याने फळीला बांधलेली. पक्षी पळून गेला तरी चालेल, पेन्सिल पळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी थर्मासच्या झाकणातून तिला चहा दिला, पिटुकलीची चौकशी केली, आणि मोजायचं तू, लिहायचं मी, असं सहज सांगून टाकलं. तिने खिशातून यंत्र काढलं. दोन. तिचा अंगठा किल्लीवर होता आणि किल्ली फिरत नव्हती. म्हणजे फिरली असती, तीच फिरवत नव्हती. काकांचं लक्ष गेलं. हे ताईंचं ना, म्हणाले. मग तिने विचारून टाकलं, चहाच्या वाफेकडे बघत. शेवटच्या वर्षी, सगळं मोजून झाल्यावर, आई आणखी काही म्हणाली होती का.

काकांनी आठवायला वेळ घेतला. आठवत नव्हतं म्हणून नव्हे. सांगू की नको, म्हणून. यंत्र शून्य केलं त्यांनी, म्हणाले, नेहमीसारखं. मी फळी मिटत होतो. तर पुन्हा दुर्बीण लावली, त्या बेटाकडे, आणि एकदाच टिक् केलं.

"म्हणाल्या, उभा आहे, एक. मी म्हटलं, थांबा ताई, लिहितो. तर म्हणाल्या, राहू दे. त्याला आमच्याकडे लिहीत नाहीत."

चहा गार होईपर्यंत तिने झाकण धरून ठेवलं. काका फळीवरचा कागद उगाच सरळ करत राहिले. आईला माहीत होतं. शेवटच्या हिवाळ्यात आकडे पडले तेव्हापासून नव्हे, पहिल्या दिवसापासून. बत्तीस वर्षं डोळा एकीकडे ठेवून बाकी सगळं कानांनी चालवलेली बाई ती. मागे पेन्सिल किती वेळ चालली, एकावन्न लिहायला लागतो तेवढा की अठ्ठावीस लिहायला, छोट्या दुर्बिणीचा पट्टा कोटाला कधी घासला, सगळं तिला ऐकू येत होतं. आणि 'एक' म्हटल्यावर पेन्सिल हललीच नाही, तेही. तरी ती विचारायची, लिहिलंस? ती चौकशी नव्हती. तिने दर वर्षी एक जागा रिकामी ठेवली होती, दोन श्वासांएवढी, लेकीने तिथे काहीतरी खरं ठेवावं म्हणून.

तिने किल्ली फिरवली. शून्य. दुर्बीण लावली, आईचीच, जड, डोळ्यांपाशी रबर झिजलेली. मोजलं. थापटे चव्वेचाळीस. चक्रवाक पाच. पाणकावळे एकोणीस, नाही, वीस, एक बुडी मारून वर आला. तिचा आवाज तिलाच सपाट वाटला, ओळखीचा वाटला. मागे काकांची पेन्सिल प्रत्येक आकड्याला खसखसत होती आणि तिला पहिल्यांदाच कळलं की हे इथून किती स्वच्छ ऐकू येतं. काठ संपला. तिने दुर्बीण बेटाकडे नेली. कणसं. उभ्या काड्या, वाळक्या, एकावर एक, वाऱ्याने डावीकडे, उजवीकडे. ती एकेक काडी तपासत गेली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, जशी तेव्हा गेली होती. काही नाही. वीत वीत बघून काही नाही. मग तिला आपलाच आवाज आठवला, अंधाऱ्या खोलीतला, शिकवल्यासारखा. जे बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नकोस. किती जणांना सांगितलं होतं हे. स्वतः कधी करून बघितलं नव्हतं. तिला काय गरज, तिचे डोळे चांगले होते.

तिने नजर बेटाच्या डावीकडे ठेवली, जिथे नुसतं राखाडी पाणी होतं, आणि त्या पाण्याकडे बघत राहिली. बेट कडेला गेलं, पुसट झालं, रेघांचं नुसतं हलणं राहिलं. वारा पडला. सगळी कणसं थांबली. एक थांबायला अंमळ उशीर झाला.

तिने श्वास धरला. सरळ बघितलं, तर गवत. पुन्हा पाण्याकडे बघितलं, तर होता, चोच आभाळाकडे, अंगभर रेघा, नसल्यासारखा असलेला. किती हिवाळे उभा होता तो इथे, हाच की दुसरा की ह्याचा बाप, आणि ती त्याला आईच्या डोळ्यातला डाग समजत होती. अंगठा आपोआप दाबला गेला. टिक्.

"आणि उभा," ती म्हणाली. "एक."

मागे काही हललं नाही. काकांनी वर बघितलं असणार. तिला मानेच्या मागे ते जाणवलं, कानटोपी जराशी वर झाली असणार आणि त्यांना कणसं दिसली असणार, नुसती कणसं. आपला आवाज चढला होता का, शेवटचं अक्षर ठासलं गेलं का, हे तिला आता काही केल्या आठवेना. पटकन वळून म्हणावंसं वाटलं, की काका, असं सरळ नका बघू, जरा बाजूला बघा. पण मोजणाऱ्यानं दुर्बीण खाली घ्यायची नसते. तिने घेतली नाही. कोपर अंगाशी टेकवले, नाकाच्या गार शेंड्याने एक श्वास घेतला, मग दुसरा. लिहिलंत का, असं विचारलं नाही. डोळे पाण्यावर ठेवून, सगळं अंग कानांत गोळा करून, ती मागची पेन्सिल ऐकत उभी राहिली.